रातांब्याची पन्नास वर्षं

पन्नास वर्षांपूर्वी रत्नागिरीत रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बाग मुद्दाम लावण्याची रीत जवळजवळ नव्हतीच. झाड आपसूक यायचं. कुठे बांधावर, कुठे परसात, पऱ्ह्याच्या काठी, देवराईत. वैशाखात फळं पिकली की घरोघरी सोलं वाळत पडायची, आगळ बरण्यांत भरलं जायचं आणि बियांचं तेल टाचांच्या भेगांसाठी राखलं जायचं.

हे झाड पश्चिम घाटाचं. कोकण, गोवा, उत्तर कन्नड आणि खाली केरळचा उत्तर भाग, एवढाच त्याचा मुख्य मुलूख. या लहानशा मुलखात ते किती परींनी वाढतं! नर आणि मादी झाडं वेगवेगळी, त्यामुळे प्रत्येक बीत दोन झाडांचा नवा मेळ. एकाची साल जाड नि गर्द लाल, शेजारच्याची पातळ. एक मेच्या सुरुवातीला पिकतं, दुसरं ऐन पावसात, आणि मग सोलं वाळायची कशी? उत्तर कन्नडात तर पिवळ्या फळाचंही कोकम आहे.

दापोलीत १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आपसूक उगवलेल्या या झाडांतूनच तिथल्या संशोधकांनी निवड केली. १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात आली, पावसाआधी हाती लागणारी. पुढे ‘कोकण हातीस’ आली. रत्नागिरीजवळचं हातीस गाव त्या नावानं बागाईतदारांच्या तोंडी बसलं. मृदकाष्ठ कलमानं तर मोठीच अडचण सोडवली. बियांपासून वाढवलेलं झाड नर की मादी, हे सात-आठ वर्षांनी फुलल्यावरच कळायचं. कलमाचं झाड मादी, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. मात्र काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची घेतली तर झाड वर न चढता पसरत राहतं.

हे काम मोलाचंच आहे. पण कलम म्हणजे त्या एकाच झाडाची प्रत. शंभर कलमांच्या बागेत वाण एकच. आणि निवड करायला उद्या पुन्हा जावं लागेल ते बांधावरच्या, रानातल्या झाडांकडेच. हापूस आणि काजूच्या लागवडीसाठी डोंगर साफ होताना तीच आधी गेली. फळ देत नाही म्हणून नर झाडावर तर कुऱ्हाड लवकर पडते. परागासाठी बागेत थोडे नर ठेवावेच लागतात, हे ठाऊक असूनही.

गेल्या दशकात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण हेच झाड आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं आहे. म्हणून वाटतं, गावोगावच्या जुन्या रातांब्यांची मोजदाद आता व्हावी, फळाच्या रंगासह, पिकण्याच्या वेळेसह. आणि त्या यादीत नर झाडंही यावीत.