सोलर प्लेटला बटण नसतं

नगरच्या केडगावात छपरांवर सोलर चढतंय, तशा जुन्या प्लेटा खाली उतरताहेत. अशीच एक प्लेट शेजारच्या काकांनी गोठ्यातल्या दिव्यापंख्यासाठी आणली. इन्व्हर्टरची जुनी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी त्यांच्याकडे होतीच. "लाल लालला, काळी काळीला, एवढंच ना?" त्यांनी विचारलं. एवढंच नाही. प्लेटवर ऊन पडलं की वीज तयार होतेच, ती बंद करायला बटण नसतं. आणि बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला, तर ती एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. माझ्या एका पान्याला अशी वितळलेली खाच आजही आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची.

आधी प्लेट नीट पाहिली. काच तडकलेली असेल तर ती घेऊच नये. पाणी आत शिरतं आणि चौकटीपर्यंत वीज उतरू शकते. मागचा कागद फुगलाय का, कुठे जळकट डाग आहे का, तेही बघायचं. या प्लेटची पाठ स्वच्छ होती. लेबलवर 72 सेल, 330 वॅट, उघड्या टोकांवर 46 व्होल्ट, शॉर्ट केल्यावर 9.2 अँपिअर. भर दुपारी मीटर लावला तर आकडा आला 28.

तापलेली प्लेट थोडा कमी व्होल्ट दाखवते, पण 42 च्या आसपास तरी हवेत. बरोबर एक तृतीयांश गायब म्हणजे संशय बायपास डायोडवर. 72 सेलच्या प्लेटमध्ये साधारण 24-24 सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक डायोड. सावली पडलेल्या गटाला वळसा घालून वीज पुढे न्यायची, हे त्याचं काम. तो शॉर्ट झाला की पूर्ण उन्हातही तो गट बाद. प्लेटवर जाड गोधडी टाकली, मागच्या डबीचं झाकण उघडलं. मधला डायोड दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत होता. त्याच क्षमतेचा नवा बसवला, गोधडी काढली, मीटर 42 वर गेला. काकांचा चेहरा खुलला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

आता प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. प्लेट सरळ जोडली तर बॅटरी भरल्यावरही करंट थांबत नाही. पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की एका ठिणगीचं काम. गोठ्यात शेजारी कडबा रचलेला असतो, हे विसरू नका. बॅटरी कडब्यापासून लांब, वारा खेळेल अशा जागी ठेवली.

कंट्रोलर स्वस्त पीडब्ल्यूएम घेऊ नका. तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टवर खेचून आणतो, म्हणजे 9 अँपिअर गुणिले 13 व्होल्ट, जेमतेम 117 वॅट. शिवाय 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेले कितीतरी स्वस्त पीडब्ल्यूएम 46 व्होल्ट सोसतच नाहीत. ते 36 सेलच्या प्लेटसाठी ठीक. इथं प्लेटचे जादा व्होल्ट करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलर हवा, आणि त्याची इनपुट मर्यादा 75 किंवा 100 व्होल्ट. नगरच्या हिवाळ्यातल्या गार सकाळी हीच प्लेट 48 व्होल्ट देते, त्यामुळे 50 ची मर्यादा फार जवळची. आम्ही चार्जिंग करंट 20 अँपिअरवर बांधला.

बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतरावर 30 अँपिअरचा फ्यूज, पुढे 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. फ्यूज कंट्रोलरजवळ लावला तर मधली वायर संरक्षणाविनाच राहते. प्लेटच्या बाजूला 4 चौरस मिलिमीटरची सोलर केबल आणि 16 अँपिअरचा डीसी एमसीबी. घरातला साधा एसी एमसीबी इथं चालत नाही. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीला ती सवड नाही.

जोडताना क्रम पाळायचा. आधी बॅटरी कंट्रोलरला, म्हणजे तो 12 व्होल्ट ओळखतो. मग प्लेट, तीही गोधडीखाली. सोडवताना उलट: प्लेट आधी, बॅटरी शेवटी. चालू करंटवर प्लेटचा कनेक्टर कधीच ओढू नये.

गोधडी काढली तेव्हा बॅटरी 12.2 वर होती. तासाभराने प्रत्येक जोडाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. वायरच्या टोकाचा एक लग चांगलाच गरम लागला. आधी एमसीबी पाडून प्लेट वेगळी केली, मग बॅटरीचा फ्यूज काढला, आणि तो लग कापून पुन्हा नीट दाबून बसवला.