मातीच्या भिंतीस मातीचाच गिलावा : मावळातील घरदुरुस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना :
मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव तळेगाव दाभाडेलगतच्या औद्योगिक वसाहतीच्या विस्तारामुळे सर्वदूर परिचित झाले. उद्योगांबरोबर या परिसरातील घरबांधणीचे साहित्यही पालटले. तरीही मावळच्या जुन्या गावठाणांतून रुंद मातीच्या भिंतींची कौलारू घरे आढळतात. अशा घरातील एखादी खोली दुरुस्त करावयाची म्हटले की प्रथम विचार होतो तो सिमेंटच्या गिलाव्याचा. भिंत टिकावी म्हणून केलेला हा उपाय पुष्कळदा भिंतीसच बाधतो. असे का घडते आणि त्यास पर्याय कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सिमेंट आणि मातीचा विरोध :
मावळात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस असतो. जमिनीतील ओल जोत्यातून भिंतीत चढते. मातीची भिंत ही ओल पृष्ठभागावाटे हवेत सोडते व पावसाळा सरताच कोरडी होते. सिमेंटचा गिलावा कठीण असून त्यातून बाष्प सहज जात नाही. ओल आत कोंडते, आतील माती मऊ होऊन सुटू लागते आणि वरचा थर फुगतो. थापटल्यावर येणारा पोकळ आवाज हे त्याचे पहिले लक्षण होय. तैलरंगानेही हाच दोष उद्भवतो.

मातीच्या गिलाव्याचे कार्य याहून वेगळे आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो. माती मात्र केवळ वाळून घट्ट होते. चिकणमातीचे चपटे सूक्ष्म कण पाणी निघून गेल्यावर एकमेकांस व वाळूच्या कणांस धरून ठेवतात. पुन्हा पाणी लावल्यास हे बंध सैल होतात. हीच मातीची उणीव आणि हेच तिचे सामर्थ्य होय. तडा गेलेला भाग भिजवून पूर्ववत करता येतो, उतरविलेली माती पुन्हा कालवता येते.

परंपरेचा दाखला :
हे ज्ञान महाराष्ट्रास नवे नाही. अजिंठ्याच्या चित्रांखाली भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा लेप आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. सह्याद्रीच्या डोंगरवस्त्यांतील कारवीचे कूड शेणमातीने लिंपले जातात, तेही याच तत्त्वावर.

मातीची पारख :
काळी माती पाणी शोषून फार फुगते व वाळताना फार आकसते. नुसत्या काळ्या मातीच्या गिलाव्यास म्हणूनच भेगा पडतात. तांबडी माती तुलनेने कमी आकसते. पारख करण्यासाठी काचेच्या बरणीत माती व पाणी घालून हलवावे. वाळू काही क्षणांत तळाशी बसते, त्यावर पोयटा साचतो आणि चिकणमाती सर्वांत शेवटी बसते. थरांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो. त्यानंतर एक भाग मातीस अनुक्रमे एक, दोन व तीन भाग वाळू घेऊन भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचे तीन नमुने लावावेत. वाळल्यावर ज्यास भेगा पडत नाहीत आणि बोट फिरविल्यास भुकटी निघत नाही, ते प्रमाण योग्य समजावे.

तंतूंसाठी मावळास दूर जावे लागत नाही. भातकापणीनंतर पेंढा व भातगिरणीतील तूस गावातच मिळतो. बारीक चिरलेला पेंढा भेगा रोखतो. शेणामुळे मिश्रण चिकट होते. माती चाळून, भिजवून, तुडवून काही दिवस मुरू द्यावी लागते.

कामाचा क्रम :
दहा फूट रुंद, बारा फूट लांब व नऊ फूट उंच अशा खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ 396 चौरस फूट भरते. दारे-खिडक्यांचे सुमारे 46 चौरस फूट वजा जाता 350 चौरस फूट उरतात. एकूण 20 मिलिमीटर जाडीच्या गिलाव्यास सुमारे 23 घनफूट, म्हणजे पाव ब्रासहून किंचित कमी, ओले मिश्रण लागते.

प्रथम जुना सुटलेला गिलावा हळुवार काढून विजेच्या वाहिन्यांचे काम उरकावे. भिंत झाडून, पाणी शिंपडून, पातळ चिखलाचा हात द्यावा. त्यावर पेंढामिश्रित जाड थर थापून तो ओला असतानाच ओरखडावा, म्हणजे पुढील थरास पकड मिळते. तो वाळल्यावर तुसाचा दुसरा थर व अखेरीस बारीक चाळलेल्या मातीचा दोन-तीन मिलिमीटरचा हात द्यावा. रंग हवा असल्यास चुना किंवा गेरू वापरावा. दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य दिवस या कामास अनुकूल असतात. पावसाळ्यात थर वाळत नाहीत. कडक उन्हाळ्यात ते घाईने वाळून तडकतात.

मर्यादा :
मोरी, ओट्यामागील भिंत व पावसाचा झोत येणारी बाहेरची बाजू येथे हा गिलावा टिकत नाही. छपराचा पुरेसा पुढावा आणि कोरडे जोते या त्याच्या पूर्वअटी आहेत. जोत्यात वाळवी असल्यास आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण पेंढा तिचे खाद्य आहे. वेळ आणि श्रमही अधिक लागतात.

समारोप :
2011 च्या जनगणनेच्या वर्गीकरणात मातीची भिंत तात्पुरत्या साहित्यात गणली गेली. 'कच्चे' घर म्हणजे दारिद्र्य हे समीकरण त्याहून जुने आहे. त्यामुळे सिमेंटचा गिलावा ही केवळ तांत्रिक निवड न राहता प्रतिष्ठेची खूण ठरते. दुसरीकडे सारवण-लिंपणाचे कौशल्य मुख्यत्वे स्त्रियांच्या हाती राहिले. ते घरकाम मानले गेल्याने त्यास ना मोल मिळाले, ना त्याची नोंद झाली. मातीचे प्रमाण हाताच्या स्पर्शाने ओळखणारी पिढी आता वृद्ध होत आहे. रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांच्या अध्यापकांना एकत्र अभ्यासता येईल असा हा विषय आहे. ज्यांना हे काम येते त्या स्त्रिया हयात आहेत तोवरच त्यांच्याकडून तो शिकता येईल.