भामरागडातले भाड्याचे घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला बदलीवर येणाऱ्या शिक्षकांना, आरोग्यसेवकांना, वनरक्षकांना भाड्याच्या खोल्या लागतात. सुरजागडच्या लोहखाणीमुळे या जिल्ह्याकडे बाहेरच्या पैशाचेही लक्ष वळले आहे. त्यातून शहरातला ठोकळेबाज सल्ला इथेही पोहोचतो : स्वस्तात जमीन घ्या, कर्ज काढून खोल्या बांधा, भाड्यातून हप्ते फेडा. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या या तालुक्यात हा सल्ला पहिल्याच पायरीवर अडतो. भाड्याचा व्यवसाय इथे होऊ शकतो, पण तो स्थानिक मालकाच्या हाती, बेताच्या कर्जावर आणि लेखी करारावर उभा राहिला तरच टिकेल.

आदिवासीची जमीन घेताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हा निव्वळ सोपस्कार आहे, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बाकी व्यवहारांना राज्य शासनाचीही मान्यता हवी. जमीन परकी होऊ न देण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही दिला आहे. ‘मग एखाद्या आदिवासीच्या नावावर घेऊ’ ही पळवाट तर अधिकच घातक आहे. तो बेनामी व्यवहार ठरला तर मालमत्ता जप्त होते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. वनहक्काच्या पट्ट्यावरही डोळा ठेवू नये. 2006 च्या कायद्याने तो वारसांना मिळतो, विकता येत नाही.

या बंधनांमुळे आदिवासी मालकालाच भांडवल मिळत नाही, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. विकता न येणारे तारण सावकाराला नको असते. पण सगळी दारे बंद नाहीत. सरकार, सहकारी संस्था, राष्ट्रीयीकृत बँका यांच्याकडे कर्जासाठी जमीन तारण ठेवण्याची वाट संहितेच्या कलम 36 मध्येच आहे. बंधने उठवली तर भांडवल येईल, पण जमीनही जाईल. मग येणारे भाडे तिच्या मूळ मालकाचे राहणार नाही. म्हणून मागणी व्हायला हवी ती स्थानिकाला सुलभ कर्ज मिळण्याची.

कर्ज मिळाले तरी भाड्यातून हप्ता आपोआप फिटतो, हा समज हिशेबात टिकत नाही. समजा, 10 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे 10,143 रुपये, म्हणजे वर्षाला 1,21,700 च्या घरात जातो. चार हजार रुपये भाड्याच्या तीन खोल्या वर्षातून दहा महिने भरल्या तर हाती 1,20,000 येतात. दुरुस्तीआधीच तूट! आणि इथे दुरुस्ती टळत नाही. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी भामरागडात शिरले होते. नदीकाठच्या बांधकामाला उंच जोते आणि विमा लागतोच. तेच कर्ज पाच लाखांचे असेल तर दुरुस्ती आणि विम्याआधी वर्षाला 59 हजार रुपये मालकाच्या हाती उरतात. स्वतःच्या जागेवर, जमिनीची किंमत न मोजता बांधणाऱ्याला हे गणित जमते. बाहेरून येणाऱ्याला जमत नाही.

‘ओळखीचा भाडेकरू आहे, कागद कशाला?’ हा विचारही मालकाला महागात पडतो. लीव्ह अँड लायसन्स करारात राहणाऱ्याला केवळ वापराची परवानगी मिळते, मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. जिथे जमीन जपायची आहे तिथे हा फरक मोलाचा आहे. करार लेखी करून नोंदवावा, भाडे बँकेत घ्यावे, अनामत रक्कम आणि दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहावी. आदिवासींना प्राप्तिकर लागतच नाही, हेही खरे नाही. अनुसूचित जमातींना प्रदेशानुसार मिळणारी सूट ईशान्येकडील ठरावीक भाग आणि लडाख यांपुरतीच आहे. गडचिरोलीत भाड्यावर कर लागू होतो; मात्र स्थानिक मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. बदलीवर आलेल्याला निवारा मिळावा आणि त्याचे भाडे गावातच राहावे, ही दोन्ही उद्दिष्टे कायदा पाळूनच साधता येतात.