बांगडा कोणता व काटबांगडा कोणता

कोंकणांतील कित्येक शेतकरी बंधु भातकापणी उरकतांच गरी-दोर घेऊन बंदराच्या धक्क्यावर गरवावयास बसतात. त्यांच्या टोपलींत बांगडा व काटबांगडा दोन्ही येतात, आणि पुढें विकतांना दोन्ही एकाच नांवानें खपतात. यांत घेणाराचें नुकसान आहे, म्हणून भेद सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

शेपटीजवळच्या सुट्या लहान परांवरून निवाडा करूं नये. ते दोघांसही असतात. मागल्या अर्ध्या अंगाच्या बाजूवरून बोट फिरवावें. काटबांगड्यास तेथें करवतीसारखी कठीण खवल्यांची ओळ लागते. बांगडा गुळगुळीत असतो. (हलवाही काटबांगड्याच्याच कुळांतला, पापलेटाचा सोयरा नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.)

काटबांगडा कळपानें लहान मासळीमागें धांवतो. पहांटे किंवा तिन्हीसांजेस बारीक मासळी पाण्यावर उसळूं लागली, कीं तो खालीं असण्याचा संभव फार. गरीस ताजी कोळंबी अथवा तारलीचा तुकडा लावून तेथेंच टाकावी. लागतांच तो आडवा ओढतो. खांबांकडे जाऊं दिला तर कालवांच्या धारेवर दोर तुटलाच समजावा. वर घेतल्यावर शेपटी मुठींत आवळूं नये, तळहात फाटतो.

मासा धरल्याबरोबर रक्त काढून बर्फांत घालावा. बर्फाचे चार पैसे वांचविणारांस आम्ही शहाणे म्हणत नाहीं. उन्हांत राहिलेला काटबांगडा काय किंवा बांगडा काय, खाणाराच्या अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतें, डोकें दुखतें. आणि तें विष कितीही शिजविलें तरी जात नाहीं.