अंदाजपत्रक, लहान इमारतीचे

अंदाजपत्रक, लहान इमारतीचे : बांधकाम सुरू करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक कामाचे परिमाण नकाशावरून काढून व त्यास योग्य दराने गुणून तयार केलेले संभाव्य खर्चाचे लेखी विवरण. त्यासाठी लागणारे गणित शालेय आहे : क्षेत्रफळ, घनफळ, प्रमाण व शेकडेवारी. अंदाजपत्रके चुकतात ती गुणाकारात क्वचितच. एकच घनफळ दोनदा धरल्याने, एखादी बाब वगळल्याने किंवा मोठ्या इमारतीचा दर लहान घरास लावल्याने ती बहुधा चुकतात. आयुष्यभराची बचत घालून बांधावयास घेतलेले घर लिंटलपर्यंत येऊन थांबते, त्याचे कारण पुष्कळदा यांपैकीच एक असते.

या गणिताची परंपरा भारतात जुनी आहे. ३, ४ व ५ या प्रमाणातील बाजूंनी काटकोन साधण्याचे तत्त्व शुल्बसूत्रांना परिचित होते आणि पाया आखताना गवंडी आजही दोरीने तेच करतात. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात खड्ड्यांच्या मोजणीचा खातव्यवहार व विटांच्या रचनेचा चितिव्यवहार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. खड्ड्याची मापे ठिकठिकाणी असमान असल्यास ती अनेक जागी घेऊन सरासरी काढावी, तसेच चितीच्या घनफळास एका विटेच्या घनफळाने भागून विटांची संख्या मिळवावी, हे त्यातील नियम आजही लागू पडतात. विटेच्या मापात सांध्याची जाडी तेवढी मिळवावी लागते.

परिमाणे काढणे : भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापनपद्धती आली आणि बांधकामाची मोजणी कशी करावी हे भारतीय मानक १२०० मध्ये ठरवून दिलेले आहे. व्यवहारात मात्र महाराष्ट्रात वाळू व खडी ‘ब्रास’ने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घ. फूट किंवा २·८३ घ. मी. क्षेत्रफळाच्या कामांत ब्रास म्हणजे १०० चौ. फूट असाही अर्थ रूढ असल्याने दर ठरविताना कोणता ब्रास अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहून घेणे बरे.

उदाहरणादाखल आतून ४ मी. × ३ मी. मापाची, ३० सेंमी. जाडीच्या भिंतींची एक खोली घेता येईल. भिंतींच्या जाडीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेची, म्हणजे मध्यरेषेची, एकूण लांबी २ × (४·३ + ३·३) = १५·२ मी. येते. पायाचा चर ०·९ मी. रुंद व तेवढाच खोल धरल्यास खोदाई १५·२ × ०·९ × ०·९ = १२·३१ घ. मी. होते. याच चराच्या बाहेरच्या कडांची मापे घेतली, तर परिमिती १८·८ मी. व खोदाई १५·२३ घ. मी. येते. फरक २·९२ घ. मी., म्हणजे सु. २४ टक्के, आणि तो नेमका चार कोपऱ्यांच्या घनफळाइतका आहे; प्रत्येक कोपरा दोनदा मोजला गेला. हीच चूक पायाच्या काँक्रीटात, जोत्यात व भिंतीत पुन्हा पुन्हा होते. मध्यरेषा पद्धतीत ती आपोआप टळते. आडवी भिंत बाहेरच्या भिंतीस मिळते तेथे मात्र प्रत्येक सांध्यामागे मध्यरेषेच्या लांबीतून रुंदीचा निम्मा भाग वजा करावा लागतो.

खोदाईची खोली हा अंदाजपत्रकातील सर्वांत अनिश्चित आकडा होय. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. तो अपेक्षेपेक्षा ३० सेंमी. खाली लागला, तर वरील खोलीस ४·१ घ. मी. खोदाई वाढते व तितक्याच उंचीचे पायाचे बांधकामही वाढते. म्हणून अंदाजपत्रकापूर्वी जागेवर एक चाचणी खड्डा घेणे कोणत्याही शेकडेवारीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

जोत्यावर ३ मी. उंचीच्या भिंतींचे घनफळ १५·२ × ०·३ × ३ = १३·६८ घ. मी. त्यातून १ मी. × २·१ मी. चे एक दार व १·२ मी. चौरस अशा दोन खिडक्या यांचे १·४९ घ. मी. आणि लिंटलांचे ०·१९ घ. मी. वजा जाता निव्वळ विटकाम १२ घ. मी. उरते. १९ × ९ × ९ सेंमी. च्या प्रमाणित विटा सांध्यांसह घ. मी. ला ५०० लागतात. म्हणजे ६,०००, व ५ टक्के तूटफूट धरून ६,३००. २३ × १० × ७·५ सेंमी. ची वीट वापरल्यास हीच संख्या घ. मी. ला सु. ४४५ होते, तेव्हा भट्टीवरील वीट स्वतः मोजल्यावाचून संख्या लिहू नये. १ : ६ प्रमाणाच्या मालास घ. मी. मागे सु. ०·३ घ. मी. कोरडे मिश्रण धरल्यास १२ घ. मी. विटकामास सिमेंटच्या १५ गोण्या व ३·१ घ. मी. (१·१ ब्रास) वाळू लागते.

छतासाठी ४·६ मी. × ३·६ मी. × १२ सेंमी. = १·९९ घ. मी. काँक्रीट होते. सिमेंट, वाळू व खडी पाण्याने एकजीव होताना पोकळ्या भरल्या जाऊन घनफळ घटते, म्हणून कोरडे घनफळ १·५४ पट धरतात. १ : १·५ : ३ या प्रमाणात १६ गोण्या सिमेंट, ०·८४ घ. मी. वाळू व १·६७ घ. मी. खडी येते. ओलसर वाळू फुगते व तिचे घनफळ २०–३० टक्क्यांनी अधिक दिसू शकते. घमेल्याने मोजताना ही वाढ धरली नाही, तर मिश्रणात वाळू कमी पडते आणि खरेदीचा हिशोबही चुकतो. पोलादी सळईचे दर मीटरी वजन (किग्रॅ.) तिच्या व्यासाच्या (मिमी.) वर्गास १६२ ने भागून मिळते, १० मिमी. ची सळई ०·६१७ किग्रॅ. भरते. सळयांची मांडणी अभियंत्याच्या आराखड्यावरूनच घ्यावयाची असते. आराखडा हाती येईपर्यंत काँक्रीटच्या घनफळाच्या १ टक्का पोलाद धरल्यास या छतास सु. १५६ किग्रॅ. लागेल.

गिलाव्यात ०·५ चौ. मी. पर्यंतची मोकळीक वजा करीत नाहीत. ०·५ ते ३ चौ. मी. ची एकाच बाजूने वजा करतात, कारण कडांचा गिलावा दुसऱ्या बाजूने भरून निघतो. वरील दार व खिडक्या याच गटात मोडतात.

दर व खर्च : प्रत्येक बाबीचा दर साहित्य, मजुरी, वाहतूक, पाड, पाणी व कंत्राटदाराचा नफा (सामान्यतः १० टक्के) यांच्या पृथक्करणाने बनतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा त्याचा प्रमाणभूत आधार होय. पण खेड्यातील खडीचा दर खाणीपासूनच्या अंतराने ठरतो, ही गोष्ट स्थानिक चौकशीनेच कळते. परिमाणे व दर यांच्या गोषवाऱ्यावर ३ ते ५ टक्के आकस्मिक खर्च मिळवितात. विसरलेल्या बाबी भरून काढण्यासाठी ही रक्कम नसते.

जोत्याच्या क्षेत्रफळास चौरस फुटाच्या दराने गुणण्याची रीत प्राथमिक विचारापुरती ठीक आहे. लहान घरास ती हमखास फसवते. वरील खोलीचे जोते १६·५६ चौ. मी. आहे, पण वापरास मिळते १२ चौ. मी.; उरलेले सु. २८ टक्के भिंतींखाली जाते. आतून ८ मी. × ६ मी. ची खोली घेतल्यास क्षेत्रफळ चौपट होते, भिंतींची मध्यरेषा मात्र २९·२ मी., म्हणजे दुपटीहूनही कमी. दर चौ. मी. जमिनीमागे भिंत पहिल्या खोलीत १·२७ मी. व दुसरीत ०·६१ मी. पडते. मोठ्या घरात आतील भिंती येतात व मोठ्या गाळ्यास जाड छत किंवा तुळया लागतात, हे खरे; तथापि लहान घराचा दर चौ. मी. खर्च अधिकच राहतो. त्यात संडास, न्हाणी व पाण्याची टाकी यांचा खर्च घर लहान म्हणून फारसा कमी होत नाही. यासाठी शेजारच्या मोठ्या घराचा दर विचारण्याऐवजी खोदाई, विटकाम, छत, गिलावा, दारे-खिडक्या, फरशी, नळकाम व वीज असे स्वतंत्र आकडे मांडून, हाती असलेली रक्कम कोणत्या टप्प्यापर्यंत पुरेल ते पायाची आखणी होण्यापूर्वी पाहतात. रक्कम अपुरी दिसल्यास खोलीचे माप, भिंतीची जाडी किंवा फरशीचा प्रकार कागदावर बदलता येतो. चर खणल्यावर यांतील पहिल्या दोन गोष्टी बदलणे अवघड होते.