सोन्याची लाल रेघ

सोनं पिवळं, हे आपण धरूनच चालतो. पण त्याचे कण मिलिमीटरच्या तीन-चार लाखांश भागाइतके बारीक केले की ते माणकासारखे लालभडक दिसतात. एचआयव्हीच्या अनेक रॅपिड किटमध्ये हेच सोनं असतं.

बोटाच्या टोकाला टोचलं, थेंबभर रक्त पट्टीवर ठेवलं, वर द्रावाचे दोन-तीन थेंब. ओल हळूहळू पुढे सरकते. रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर ती सोन्याच्या कणांना धरतात आणि ठरलेल्या जागी अडकतात. असंख्य कण साचले की रेघ उमटते. रोग्याला काही जाणवण्याआधीच शरीराने दिलेल्या झुंजीची ही खूण, अर्ध्या तासाच्या आत!

एवढ्यावर कुणी कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही. बारामती, इंदापूरसारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र असतं. तिथे तपासणी मोफत. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन निराळ्या किटवर ताडून पाहतात. आधी आणि नंतर काउन्सिलर बोलतात. तुमची संमती आणि गुप्तता, दोन्हींना 2017च्या कायद्याचं संरक्षण आहे.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी एक प्रश्न उरतो: धोका कधी घडला? प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून धोक्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आणि धोका कालपरवाचाच असेल तर चाचणीची वाट पाहायचीच नाही. 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं तर 28 दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

पॉझिटिव्ह आला तर एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधं, लवकरात लवकर सुरू करायची. हे औषध सरकार 2004पासून मोफत देतं आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली की बहुतेकांच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत मोजणीतही सापडेनासा होतो. तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

अडचण येते ती गाव सुटल्यावर. माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांवर गाळपासाठी येणारे ऊसतोड मजूर कित्येक महिने घरापासून लांब असतात. निघण्याआधी आपल्या एआरटी केंद्रात सांगा. जाल तिथल्या केंद्रातून औषध घेण्याची सोय करून देतात. आणि दवाखान्याची पायरी चढायला अजून मन धजत नसेल, तर आधी 1097 या मोफत हेल्पलाइनवर बोला.