‘मुख्य’ या अर्थाची इंग्रजी विशेषणे

इंग्रजीच्या तासास ‘मुख्य’ या शब्दाचे इंग्रजी विचारले असता वर्गातून बहुधा ‘मेन’ असे उत्तर येते. ते चुकीचे नव्हे. परंतु त्याच विद्यार्थ्यास ‘मुख्यमंत्री’ या शब्दाचे इंग्रजी लिहावयास सांगितले म्हणजे तो ‘मेन मिनिस्टर’ असे लिहितो. मुलाचा तर्क सरळ असतो. उणीव असते ती त्यास मिळालेल्या एकशब्दी अर्थाची. महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात असल्यामुळे शब्दांची ही पहिली ओळख करून देण्याचे काम प्राथमिक शिक्षकांकडे आले आहे. ती ओळख नीट झाली नाही, तर पुढील इयत्तांत ती पुसून काढणे कठीण जाते.

मराठीत ‘मुख्य’ हे एकच विशेषण अनेक ठिकाणी चालते. मुख्यमंत्री, मुख्याध्यापक, मुख्य रस्ता आणि मुख्य दिशा हे चार शब्द घ्यावेत. इंग्रजीत त्यांसाठी अनुक्रमे चीफ मिनिस्टर, हेडमास्टर, मेन रोड आणि कार्डिनल डायरेक्शन असे चार निरनिराळे शब्द योजावे लागतात. यांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल केल्यास इंग्रजी बिघडते.

शब्दांची मुळे पाहिली म्हणजे हा भेद ध्यानात राहण्यास मदत होते. ‘चीफ’ हा शब्द लॅटिनमधील ‘कापुट’, म्हणजे डोके, या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मराठीत फारसीतून आलेल्या ‘सर’ या शब्दाचा अर्थही डोके असाच आहे. पंचांत जो शिरःस्थानी तो सरपंच. त्याच न्यायाने ‘चीफ जस्टिस ऑफ इंडिया’ यास मराठीत सरन्यायाधीश म्हणतात. समूहातील अधिकाराने वरच्या व्यक्तीस ‘चीफ’ लावतात, हे गावातील मुलास सरपंचाच्या उदाहरणाने तत्काळ पटते. राजधानी या अर्थाचा ‘कॅपिटल’ हा शब्दही त्याच कुळातील आहे. ‘मेन’ हा मात्र जुन्या इंग्रजीतील सामर्थ्यवाचक शब्दापासून आलेला असून आज तो बहुधा वस्तू, स्थळे व कल्पना यांस लागतो. मेन गेट, मेन रीझन, मेन व्हर्ब ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. ‘कार्डिनल’चे मूळ बिजागरी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे ज्यावर इतर सर्व अवलंबून असते ते कार्डिनल.

‘प्राइम’, ‘प्रीमियर’ व ‘प्रिन्सिपल’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी ‘पहिला’ हा अर्थ आहे. अंकगणितात ‘प्राइम नंबर’ म्हणजे २, ३, ५, ७ यांसारखी मूळ संख्या. तेथे महत्त्वाचा प्रश्न नसतो. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्यांच्या पदास ‘प्रीमियर’ असे म्हणत. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आल्यावर संघराज्यासाठी ‘प्राइम मिनिस्टर’ व घटक राज्यांसाठी ‘चीफ मिनिस्टर’ अशी पदनामे ठरली. म्हणून या दोन शब्दांची गल्लत ही केवळ भाषेची चूक राहत नाही. तिने पदच बदलते. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे महाविद्यालयाचे प्राचार्य, तसेच व्याजाच्या गणितातील मुद्दल. तत्त्व या अर्थाच्या शब्दाचा उच्चार असाच असला तरी त्याच्या अखेरीस ‘एल-ई’ येते. प्राचार्य व मुद्दल या अर्थी ‘ए-एल’ येते. अर्ज लिहिताना ही चूक वारंवार होते.

‘सुप्रीम’ व ‘पॅरामाउंट’ यांची पायरी याहून वरची आहे. ज्याच्या वर अन्य न्यायालय नाही ते सुप्रीम कोर्ट. ‘पॅरामाउंट’चा मूळ अर्थ ‘वरचा’ असा असून संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्तेस हेच विशेषण लावीत. ती सत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपली. आज या शब्दाचा अर्थ समजण्यास १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम उपयोगी पडतो. न्यायालयाने पालक नेमताना अज्ञान बालकाचे हित हा ‘पॅरामाउंट’ विचार मानावा, असे त्यात सांगितले आहे. तेथे ‘मेन’ म्हटले असते, तर बालकाचे हित हा अनेक विचारांतील एक मोठा विचार ठरला असता. ‘पॅरामाउंट’ म्हटल्यामुळे त्या हितापुढे मोठ्यांच्या हक्कांनी मागे सरावयाचे असते. एका विशेषणाने एवढा फरक पडतो.

व्याकरणाच्या दोन गोष्टी मुलांस सांगाव्यात. पहिली, ही विशेषणे स्वतःच अग्रस्थान दाखवितात; म्हणून त्यांपूर्वी ‘मोअर’, ‘मोस्ट’ किंवा ‘व्हेरी’ लावू नये. दुसरी, ‘चीफ’ व ‘मेन’ ही विशेषणे नामापूर्वीच येतात. ‘द मेन रीझन’ शुद्ध होय. ‘धिस रीझन इज मेन’ हे अशुद्ध होय. ‘पॅरामाउंट’ मात्र क्रियापदानंतरही येऊ शकते.

वर्गात हे शब्द सुटे पाठ करून घेऊ नयेत. फळ्यावर एका बाजूस मिनिस्टर, रोड, कोर्ट, नंबर, डायरेक्शन ही नामे लिहावीत, दुसऱ्या बाजूस विशेषणे लिहावीत आणि मुलांकडून जोड्या जुळवून घ्याव्यात. प्रत्येक जोडीचे एक वाक्य मुलांनी वहीत उतरावे. मग ‘मुख्य’ शब्दाचे इंग्रजी विचारले असता ‘मुख्य काय?’ असा उलट प्रश्न एखाद्या मुलाने केला, तर पाठ साधला असे खुशाल समजावे.